टीव्हीची केबल दोनशेची की पाच हजारांची?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सोलापूरच्या नवी पेठेतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. टीव्हीचा सौदा ठरतो, पैसे द्यायची वेळ येते आणि बिल छापायच्या आत काउंटरवरचा पोरगा विचारतो, "सर, टीव्ही फोर-के घेतलाय, मग केबल साधी कशाला? ही लावून बघा की, पिक्चरमध्ये फरक पडतो." त्याच्या हातात कापडी वेणीची, सोनेरी टोकांची जाडजूड एचडीएमआय केबल असते, म्हणजे बॉक्समधून टीव्हीला चित्र आणि आवाज नेणारी. टीव्हीवर एवढे हजार गेलेच आहेत, त्यात आणखी दोन-तीन हजार काय जड, असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि बिलात एक ओळ वाढते. टीव्हीवर घासाघीस झाल्यावर दुकानदाराला फारसं सुटत नाही. सुटतं ते केबल, भिंतीचं ब्रॅकेट, स्टॅबिलायझर यांत. धंदा आहे, त्याच्यावर राग धरायचं कारण नाही. पण तो म्हणतो तसा फरक पडतो का, हे बघायला हवं.

थोडक्यात सांगायचं तर दोन-तीन मीटरच्या घरगुती जोडणीत पडत नाही. केबलचे जास्तीचे पैसे तीन कारणांसाठी द्यावेत: अंतर लांब आहे, तारेतून जाणारा भार किंवा वेग जास्त आहे, किंवा केबल रोज ओढली-तुडवली जाणार आहे. रंग जिवंत होतील, आवाज गोड होईल, या कारणासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. असं का, ते कळायला तारेतून नेमकं काय जातं ते पाहावं लागेल.

त्याआधी एक प्रश्न. तुम्ही बघता ते चित्र त्या केबलमधून येतं तरी का? हल्लीच्या स्मार्ट टीव्हीवर ओटीटीची अ‍ॅप टीव्हीच्या आतच चालतात. सिनेमा वायफायने आला, टीव्हीनेच उलगडला आणि पडद्यावर दाखवला. एचडीएमआय केबलचा त्यात काडीचा संबंध नाही. कित्येक घरांत पाच हजारांची केबल फक्त सेट टॉप बॉक्सच्या बातम्या आणि मालिका वाहून आणते. भरीला तो बॉक्स एचडी असला तरी पाठवतो १०८० ओळींचं चित्र, म्हणजे केबलच्या ताकदीच्या मानाने किरकोळ ओझं.

याच्या उलटा प्रकारही सर्रास दिसतो. जुळे सोलापूरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये भिंतभर टीव्ही असतो, बॉक्स एचडी असतो, महिन्याला एचडीचे पैसेही जातात आणि बॉक्समधून टीव्हीला गेलेली असते ती जुनी पिवळी-लाल-पांढऱ्या पिनांची वायर. बसवायला आलेल्या पोराने आधीच्या टीव्हीची होती तीच लावलेली असते. त्या पिवळ्या पिनेतून चित्राचा उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबून जातात आणि ५७६ ओळींपलीकडे काही जात नाही. तिथे दोनशे रुपयांची एचडीएमआय लावली की आजोबासुद्धा चष्मा पुसायचे थांबतात. केबल बदलल्याने डोळ्यांना दिसणारा खरा फरक पडतो तो इथे. दोनशेवरून पाच हजारांवर गेल्याने पुन्हा तशी उडी बसत नाही.

का बसत नाही? कारण एचडीएमआयमधून चित्र जातच नाही, चित्राचे आकडे जातात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा किती, ते शून्य आणि एकच्या भाषेत लिहून एकामागोमाग पाठवलं जातं. समजा, फोनवर कुणी तुम्हाला एखादा मोबाइल नंबर सांगतंय. लाइनीत खरखर आहे, पण दहाही आकडे कळले आणि तुम्ही ते नीट लिहून घेतले. नंतर तोच नंबर अगदी स्वच्छ लाइनवर पुन्हा ऐकला, तर आधीपेक्षा चांगला नंबर मिळत नाही. तोच नंबर मिळतो. केबलचं काम तेवढंच: पलीकडच्या चिपला शून्य आणि एक वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. ओळखता आले की काम पूर्ण झालं. दोनशेच्या केबलने ते केलं असेल तर पाच हजारांच्या केबलला करायला काही उरत नाही.

आणि ओळखता आले नाहीत तर? तर ते झाकून राहत नाही. काळ्या भागात चमचमणारे ठिपके येतात, मधूनच एखादी आडवी रेघ मारते, पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येतो, आवाज तुटतो, किंवा सरळ 'नो सिग्नल' झळकतं. एचडीएमआय २.० पर्यंत चित्राच्या आकड्यांना चूक-दुरुस्तीची सोयच नव्हती, त्यामुळे चुकलेला आकडा थेट पडद्यावर ठिपका म्हणून दिसायचा. रंग किंचित फिके, काळा रंग किंचित राखाडी, चेहरे किंचित धूसर, असा बिघाड या तारेत संभवत नाही. त्यासाठी लाखो आकडे एकाच बाजूला, एकाच प्रमाणात, शिस्तीत चुकावे लागतील. खराब केबल इतकी शिस्तीची नसते. म्हणून 'रंग खुलतात' हे वाक्य कानावर आलं की टीव्हीच्या सेटिंगमधला पिक्चर मोड बदलून बघा. रंग तिथे खुलतात, फुकटात.

एक अपवाद मात्र आहे, आणि गेम खेळणाऱ्या पोरांच्या घरी तो माहीत असलेला बरा. एचडीएमआय २.१ मध्ये जोडणी सुरू होताना दोन्ही यंत्रं आपसात ताळमेळ बसवतात आणि केबलला तो वेग झेपत नसेल तर गुपचूप खालच्या वेगावर येतात. चित्र स्वच्छ दिसतं, पण सेकंदाला १२० चित्रं येण्याऐवजी ६० येतात किंवा तो पर्यायच यादीत दिसत नाही. टीव्हीच्या माहितीच्या पट्टीत सध्या कोणतं रेझोल्युशन आणि किती हर्ट्‌झ (सेकंदाला किती चित्रं) चालू आहे ते लिहिलेलं असतं. खात्री तिथे करावी.

थोडे आकडे सांगतो, म्हणजे दुकानात उपयोगी पडतील. १०८०चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला तारेतून सुमारे साडेचार गिगाबिटचा वेग लागतो, म्हणजे सेकंदाला साडेचार अब्ज शून्य-एक. फोर-के ६० वेळा पाठवायचं तर जवळपास १८. फोर-के १२० वेळा, तेही दहा बिट रंगांसह, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटांसह, तर ४० च्या आसपास. केबलच्या जाती याच हिशेबाने पाडल्या आहेत. 'हाय स्पीड' जातीची चाचणी १०.२ गिगाबिटला होते, 'प्रीमियम हाय स्पीड'ची १८ला आणि 'अल्ट्रा हाय स्पीड'ची ४८ला. सेट टॉप बॉक्सला पहिली पुरून उरते. फोर-के स्टिक किंवा प्लेअरला दुसरी घ्यावी. नवा गेमिंग कन्सोल असेल तरच तिसरी. खोक्यावर '२.१ केबल' किंवा '८के' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याला फार भाव देऊ नका. आवृत्तीचा आकडा यंत्राचा असतो, केबलची अधिकृत ओळख जातीच्या नावानेच होते. वरच्या दोन जातींच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल लागतं आणि एचडीएमआयवाल्यांच्या अ‍ॅपने ते स्कॅन करता येतं. माझ्या मते केबल घेताना बघण्यासारखं तेवढंच आहे, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. प्रमाणित केबल काही हजारांची नसते, काहीशेची असते.

लांबी वाढली की गणित बदलतं. वेग जितका जास्त तितका सिग्नल तारेत लवकर मरतो आणि प्रत्येक मीटरला आणखी मरतो. शिवाय अल्ट्रा हाय स्पीडमध्ये तारांच्या चार जोड्या एकाच वेळी प्रत्येकी १२ गिगाबिट नेत असतात. त्या सारख्या लांबीच्या, सारख्या पिळाच्या हव्यात, नाहीतर आकडे पुढेमागे पोचतात. दोन मीटरमध्ये साध्या कारखान्यालाही हे जमतं. पाच मीटरच्या पुढे तांब्यावर ४८चा वेग टिकवणं अवघड. इथे जाड तार, नीट पीळ, चांगलं आवरण यांचे पैसे खरोखर लागतात आणि ते द्यावेत.

सोन्याचं काय? सोनं विजेच्या वहनात तांब्याच्या मागे आहे, पण ते काळवंडत नाही, म्हणून पिनेवर त्याचा पातळ मुलामा देतात. मुलामा इतका पातळ असतो की स्वस्त केबललाही परवडतो. वर्षानुवर्षं काढघाल होणाऱ्या पिनेला त्याचा फायदा आहे, खाऱ्या हवेच्या कोकणात तर आहेच. आपल्या कोरड्या हवेत टीव्हीमागे एकदा खोचून विसरलेल्या पिनेला फार नाही. बाणाचंही तसंच. काही केबलींवर 'सिग्नल या दिशेने' असा बाण असतो. ऑडिओच्या काही तारांत वरची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे त्याला अर्थ आहे. ऑप्टिकल एचडीएमआयमध्ये, म्हणजे तांब्याऐवजी धाग्यातून उजेडाने सिग्नल नेणाऱ्या केबलमध्ये, तर दिशा चुकली की चित्रच येत नाही. पण डेनॉन या ऑडिओ कंपनीने २००८च्या सुमारास दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला विकायला काढली आणि तिच्यावर दिशेच्या खुणा छापल्या, तेव्हा जगभरच्या लोकांनी थट्टेच्या परीक्षणांचा पाऊस पाडला. नेटवर्क केबलीत आकडे दोन्ही दिशांनी येत-जात असतात, बाण कुठल्या दिशेचा मानायचा?

आता स्पीकरची वायर. इथे मामला वेगळा आहे, कारण स्पीकरच्या तारेतून आकडे जात नाहीत, खरोखरचा करंट जातो. तार बारीक किंवा लांब असेल तर तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ताकद खातो आणि ते ऐकू येऊ शकतं. म्हणून इथल्या दाव्यांत थोडं तथ्य असतं, आणि थोडं तथ्य असलेला दावा खोडायला जास्त त्रास होतो.

बाजारात स्पीकरची वायर मागताना जुने लोक 'तेवीस-शहात्तर' नाहीतर 'चाळीस-शहात्तर' मागतात. पहिला आकडा तारेतल्या बारीक केसांचा, दुसरा प्रत्येक केसाच्या जाडीचा, इंचाच्या दहा हजाराव्या भागात. हिशेब केला तर तेवीसची वायर सुमारे ०.६७ चौरस मिलिमीटर भरते आणि चाळीसची १.१७. समजा, अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर आहे. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तार धरायची दहा मीटर. चाळीस-शहात्तरचा रोध तेवढ्या लांबीत साधारण ०.१५ ओहम (रोधाचं माप) भरतो. स्पीकर आठ ओहमचा असेल तर आवाजातली घट येते ०.१६ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप). तेवीस-शहात्तर लावली तरी ०.२८.

आता उलट बाजूने बघा. समजा, जगातली सर्वांत महाग वायर आणली, अगदी रोध शून्य असलेली, जी कुणालाच बनवता येत नाही. ती चाळीस-शहात्तरवर किती मात करेल? ०.१६ डेसिबल. एरवीच्या ऐकण्यात माणसाला एक डेसिबलच्या आसपासचा फरक जेमतेम कळतो. स्पीकरचा रोध वरखाली होत असतो आणि काही स्वरांना तो चार ओहमपर्यंत उतरतो हे धरलं, तरी हिशेब ०.३ च्या आसपासच राहतो. पाच-सहा हजार रुपये मीटरच्या वायरींना खेळायला एवढंच मैदान आहे.

चांदीच्या तारेची जाहिरात बघून एकाने मला विचारलं होतं. चांदी तांब्याहून चांगली वाहक आहे हे खरं, पण पाच-सहा टक्क्यांनीच. आणि तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. वीस अंशांवर मोजलेली तार आपल्या मे महिन्यात पंचेचाळीसला पोचली की तिचा रोध जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणजे डिसेंबरच्या रात्री आणि मे महिन्याच्या दुपारी एकाच तारेत जो फरक पडतो, तो चांदी आणि तांब्यातल्या फरकापेक्षा मोठा आहे. सोलापुरात राहून उन्हाळ्यात गाणी बेचव लागली अशी तक्रार कुणी केलेली मी ऐकली नाही. उकाड्याची केली.

खरी फसवणूक होते ती स्वस्त वायरीत, आणि तीही दिसते तांब्याचीच. साखर पेठेत साऊंडचं भाड्याचं काम करणारे एक अण्णा आहेत. त्यांच्या गोडाऊनमध्ये नवं बंडल आलं होतं, बाहेरून पारदर्शक, आत लालसर चकचकीत तार. अण्णांनी ते एका हाताने उचललं आणि तोंड वाकडं केलं. पोराला म्हणाले, "ब्लेड दे बे." टोक सोललं, त्यातला एक केस बोटावर धरला आणि ब्लेडने हलकेच खरवडला. वरचा तांबूस पापुद्रा निघाला आणि आतून पांढरी चमक दिसली. "बघा सर, अ‍ॅल्युमिनियम आहे की. वरून नुसता रंग लावल्यासारखं तांबं." दुसरा केस त्यांनी दोन बोटांत चार-पाच वेळा वाकवला, तो कडकन तुटला. बंडल गेलं परत.

अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या या तारेचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट किंवा किंचित जास्त असतो. वजन मात्र निम्म्याहूनही कमी, कारण तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे. म्हणून अण्णांचा हात आधी वजन बघतो. ही तार घरात दोन मीटरला चालून जाते. मंडळाच्या कामात नाही. हिशेब करा: स्टेजपासून स्पीकर तीस मीटर, म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर तार, आणि दोन बॉक्स एकत्र जोडलेले, म्हणजे भार चार ओहमचा. अडीच चौरस मिलिमीटरच्या खऱ्या तांब्यात सुमारे साडेनऊ टक्के ताकद तारेतच जिरते. चाळीस-शहात्तरमध्ये अठरा टक्के. तीच अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर पाव हिस्सा तार गरम करण्यात जातो आणि स्पीकरच्या पडद्यावरची अ‍ॅम्पची पकडही सैल होते. बेस 'फुगल्यासारखा' येतो अशी तक्रार असते, ती बऱ्याचदा इथली.

जाणते साऊंडवाले यावर महाग वायर आणत नाहीत. ते अ‍ॅम्पची रॅकच स्पीकरशेजारी नेऊन ठेवतात आणि लांबवर फक्त बारीक सिग्नलची केबल ओढतात. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते. अशा जागी खांबाखांबावरच्या भोंग्यांना शंभर व्होल्टची लाइन देतात, प्रत्येक भोंग्यात छोटा ट्रान्सफॉर्मर. दहा वॅटचा भोंगा त्या लाइनला हजार ओहमचा दिसतो, मग तारेचे दहा ओहम काय हिंग लावून विचारता. साधी, किरकोळ वायर शेकडो मीटर चालते. पद्धत बदलली की तारेचा प्रश्नच उरत नाही.

प्लेअरपासून अ‍ॅम्पपर्यंत जाणाऱ्या लाल-पांढऱ्या ऑडिओ केबलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिथे करंट नगण्य असतो, समोरचा इनपुट दहा हजार ओहमच्या वरचा, त्यामुळे तारेचा रोध मोजायचंही कारण नाही. जाळी दाट आणि पिन घट्ट असली की झालं. फक्त जुना रेकॉर्ड प्लेअर वाजवणाऱ्यांनी तारेची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवून धरायची क्षमता) बघावी, कारण त्याच्या सुईच्या कार्ट्रिजला ती खरोखर जाणवते.

घुंईऽऽ असा आवाज येणं ही वेगळीच व्याधी, आणि लोक त्यावर हमखास केबल बदलत बसतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून तो आवाज ५० किंवा १०० हर्ट्‌झचा, खर्जातला असतो. बहुतेक वेळा दोन यंत्रं दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेली असतात आणि केबलची जाळी त्या दोन अर्थिंगमधला पूल बनते. केबल टीव्हीची गोल वायर बॉक्समधून काढून बघा. घुंई थांबली तर चोर सापडला. लॅपटॉप चार्जरवर असताना घुंई आणि चार्जर काढला की शांतता, हेही तेच. उपाय म्हणजे सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेणं, दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडणारा काहीशे रुपयांचा आयसोलेटर लावणं, किंवा टीव्ही आणि साऊंडबारमध्ये ऑप्टिकल केबल टाकणं. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ती प्लास्टिकच्या धाग्याची केबल उजेड नेते, वीज नेत नाही, म्हणून तिच्यातून घुंई जाऊच शकत नाही. तिच्यातून अ‍ॅटमॉस हा चहूबाजूंनी आणि वरूनही ऐकू येणारा आवाज मात्र मिळत नाही, त्यासाठी टीव्हीच्या ज्या एचडीएमआय तोंडावर 'आर्क' किंवा 'ईआर्क' लिहिलंय तेच वापरावं लागतं. घुंई घालवायला प्लगची अर्थची पिन तोडून टाकणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडून काही शिकू नये. आवाज जातो आणि अंगावर शॉक येतो. जुन्या घरांत मुळात अर्थिंगच नसतं. केबलसाठी बाजूला काढलेले पैसे आधी वायरमनला द्यावेत.

मग शहाणीसुरती माणसं शपथेवर का सांगतात की फरक ऐकू आला? ती खोटं बोलत नाहीत. त्यांना ऐकू येतोच. पण केबल बदलायला माणूस उठतो, परत बसताना डोकं आधीपेक्षा चार बोटं सरकलेलं असतं, आणि खोलीत तेवढ्यानेही आवाज बदलतो. जुनी पिन काढून घातली की तिच्यावरचं कीट निघतं, ते वेगळंच. आवाज नकळत थोडा मोठा झाला तर कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. आणि पाच हजार मोजल्यावर माणूस गाणं लक्ष देऊन ऐकतो, कदाचित कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. तबल्याचा बारीक नाद ऐकू येतो, तो आधीही होताच.

अमेरिकेतले जादूगार आणि चमत्कारांचे दावे तपासणारे जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये जाहीर केलं होतं की सात हजार डॉलरच्या वरची स्पीकर केबल आणि साधी केबल डोळ्यांआड कुणी ओळखून दाखवली, तर दहा लाख डॉलर देऊ. बोलणी झाली, गाजावाजा झाला, चाचणी झालीच नाही.

आपल्या घरी करायला दहा लाख लागत नाहीत. घरातल्या कुणालातरी टीव्हीमागे किंवा अ‍ॅम्पमागे बसवा. दरवेळी नाणं उडवून, छाप-काट्याप्रमाणे त्यांनी एक केबल लावायची आणि कागदावर गुपचूप लिहून ठेवायचं. तुम्ही सोफ्यावरून, आवाजाच्या बटणाला हात न लावता, सांगायचं कोणती आहे. दहापैकी पाच-सहा तर न ऐकताही जमतात. नऊ किंवा अधिक वेळा बरोबर आलात तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास असते, मग विषय गंभीर समजावा. ज्याला माहीत आहे तो माणूस तुम्हाला दिसता कामा नये, नाहीतर चेहऱ्यावरून कळतं. बायको मागे असेल तर नक्कीच.

आवाज खरोखर सुधारायचा असेल तर खोलीकडे बघा. आपल्याकडे वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी नाहीतर टाइल्स, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती. टाळी वाजवली की खोली उत्तर देते. त्या घुमण्यात संवाद विरघळतात आणि आपण रिमोटवर आवाज वाढवत जातो. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन नावाचे प्राध्यापक होते. १८९५ पासून पुढची काही वर्षं त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. मऊ, जाड कापड आवाज पितं, एवढं त्यांनी आकड्यांत मांडलं. आता ज्या गावात जाड चादर आणि टर्किश टॉवेल मागावर विणले जातात, त्या गावाने हे दुसऱ्याकडून शिकावं म्हणजे गंमतच. सोफ्यामागच्या कोऱ्या भिंतीवर एक वजनदार चादर भिंतीपासून थोडं अंतर सोडून टांगा, खाली सतरंजी टाका. खर्जावर फार परिणाम होत नाही, पण संवाद मोकळे होतात, आणि हा फरक नाणं न उडवता कळतो.

केबलवर हात सैल सोडावा असं एकच ठिकाण मला घरात दिसतं. होटगी रोडला बंगला बांधताय, हॉलच्या छताला प्रोजेक्टर आणि बारा मीटरवर कपाटात बाकीची यंत्रं, असा बेत असेल तर तांब्याची स्वस्त केबल भिंतीत गाडू नका. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, काही हजार गेले तरी चालतील. गिलाव्याआधी जमिनीवर पसरून, आहे त्याच यंत्रांना लावून तासभर सिनेमा चालवून बघा, आणि प्रोजेक्टरकडचं टोक प्रोजेक्टरकडेच गेलंय ना ते तपासा. पाऊण इंची पाइपाच्या बेंडमधून एचडीएमआयचं डोकं जात नाही, सव्वा इंची टाकायला सांगा, काटकोनाऐवजी लांब वळणं द्या. आणि पाइपात केबलसोबत नायलॉनची एक दोरी ओढून ठेवा. पाच वर्षांनी केबलची जात बदलेल, तेव्हा भिंत फोडावी लागणार नाही.